डोक्याच्या मारानंतरचा विसराळूपणा: भावाला चाळीस दिवस प्रेशर चेंबरमध्ये बसवावे का?

प्रश्न सांगलीहून आला आहे. विचारणारी मोठी बहीण. धाकटा भाऊ ३४ वर्षांचा, मार्केट यार्डात बेदाण्याच्या अडत दुकानात हिशेब लिहायचा. चौदा महिन्यांपूर्वी रात्री दुचाकी घसरली, हेल्मेट नव्हते. मेंदूच्या पुढच्या भागात डावीकडे रक्त साकळले, पहिल्या दिवशी एक फिट आली, ऑपरेशन लागले नाही, नऊ दिवस आयसीयूत काढले. आता चालतो, बोलतो, जेवतो. पण सकाळी सांगितलेले दुपारी आठवत नाही, बेरीज अर्ध्यावर सोडतो, चटकन चिडतो, दुपारी दोन-तीन तास झोपतो. एका सेंटरने हायपरबेरिक ऑक्सिजनच्या (दाब वाढवलेल्या बंद चेंबरमध्ये बसून शुद्ध ऑक्सिजन घेण्याच्या) चाळीस बैठका सुचवल्या आहेत, चार हजार रुपये बैठक, म्हणजे एक लाख साठ हजार. आईची ठेव मोडायची का, हा खरा प्रश्न आहे.

ताई, आधी उत्तर देतो, कारणे मागून सांगतो. ठेव मोडू नका. निदान आत्ता तरी नाही. त्या पैशातले थोडे पैसे आणि तेच चाळीस दिवस दुसरीकडे लावता येतील, आणि तिथे तुमच्या भावाला फरक पडण्याची शक्यता मला जास्त दिसते. मी मेंदूच्या पुनर्वसनात वीसेक वर्षे काढली आहेत. चेंबरमध्ये बसून आलेले रुग्ण पाहिलेत, त्यांतले काही खरोखर सुधारलेलेही पाहिलेत. म्हणूनच जरा सविस्तर लिहितो.

चेंबरमध्ये नेमके काय होते ते बघू. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन साध्या हवेतही ९७-९८ टक्के भरलेले असते. तिथे आणखी ऑक्सिजन कोंबायला जागाच नसते. दाब वाढवून शुद्ध ऑक्सिजन दिला की जादा ऑक्सिजन रक्ताच्या पाण्यात विरघळतो, सोड्याच्या बाटलीत गॅस विरघळतो तसा. एरवी १०० मिलिलिटर रक्तात असा विरघळलेला ऑक्सिजन जेमतेम ०.३ मिलिलिटर असतो. दीड पट दाबाला शुद्ध ऑक्सिजन घेतला तर तो ३ मिलिलिटरच्या आसपास जातो. दीड पट दाब म्हणजे विहिरीत पाण्याखाली सोळा-सतरा फुटांवर बसल्यासारखे. हे तंत्र आले पाणबुड्यांकडून. आपल्या नौदलाचे डॉक्टर मुंबईत कुलाब्याला त्याचे शिक्षण घेतात, आणि पाणबुड्याला 'बेंड्स' झाले, म्हणजे झपाट्याने वर आल्याने रक्तात वायूचे बुडबुडे धरले, तर त्याच्यासाठी हा उपचार म्हणजे जीवदान आहे. मधुमेहाची न भरणारी जखम, रेडिएशनने खराब झालेले हाड, अचानक गेलेले कान, गॅस गँगरीन अशा ठिकाणीही त्याला मान्यता आहे. हायपरबेरिक वैद्यकाची अमेरिकन संघटना अशा मान्य आजारांची यादी ठेवते. डोक्याच्या माराचे नाव त्या यादीत नाही.

सेंटरवाल्यांचा युक्तिवाद असा असतो की मार लागलेल्या भागाच्या कडेला काही पेशी मेलेल्या नसतात, नुसत्या झोपलेल्या असतात, आणि ऑक्सिजन मिळाला की त्या जाग्या होतात. कल्पना वेडगळ नाही. मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण ऑक्सिजन खातो वीस टक्के. तेव्हा ती तपासून पाहणे योग्यच होते, आणि ती तपासली गेली.

२०१३ मध्ये इस्राएलमधल्या शाई एफ्राती यांच्या गटाने डोक्याला सौम्य मार लागून एक ते पाच वर्षे झालेले ५६ रुग्ण घेतले, दीड पट दाबाला चाळीस बैठका दिल्या, आणि स्मरणशक्ती, लक्ष, विचारांचा वेग या सगळ्यात सुधारणा दाखवली. तुम्हाला सेंटरमध्ये मेंदूची रंगीत चित्रे, आधी निळी आणि नंतर लाल-पिवळी, दाखवली असतील तर ती याच जातीच्या कामातून येतात. अडचण एकच. त्यात तुलनेसाठी नकली उपचार नव्हता. एका गटाला चेंबर, दुसऱ्याला आधी वाट बघणे आणि मग चेंबर. ज्याला उपचार मिळतोय त्याला तो मिळतोय हे पक्के ठाऊक.

अमेरिकेच्या लष्कराने मात्र नकली उपचार ठेवून चाचण्या केल्या, कारण इराक-अफगाणिस्तानातून स्फोटाचे धक्के खाऊन परतलेल्या सैनिकांचा त्यांच्यापुढे ढीग होता. २०१२ मध्ये ५० सैनिकांवर एक चाचणी झाली. एका गटाला २.४ पट दाबाला ऑक्सिजन, दुसऱ्याला १.३ पट दाबाला साधी हवा. दोन्ही गट सुधारले आणि दोघांत फरक निघाला नाही. यावर समर्थक म्हणाले, १.३ पट दाबाची हवा नकली कशी, तीही थोडा उपचारच आहे!

हा आक्षेप मला आवडतो, कारण त्याचे उत्तर आधीच कोणीतरी फार चतुराईने रचून ठेवले होते. डेव्हिड सिफू यांच्या गटाने ६० मरीन सैनिक घेतले आणि सगळ्यांनाच दोन पट दाबात बसवले. सगळ्यांचे कान सारखेच दुखले, सगळ्यांना सारखेच चेंबर. फरक फक्त मुखवट्यातून येणाऱ्या वायूत. एका गटाला १०० टक्के ऑक्सिजन, दुसऱ्याला ७५ टक्के आणि तिसऱ्याला फक्त १०.५ टक्के. कागदावर मांडून बघा: १०.५ टक्के गुणिले दोन म्हणजे २१ टक्के. म्हणजे तिसऱ्या गटाच्या फुप्फुसात तेवढाच ऑक्सिजन गेला जेवढा तो यार्डात बेदाण्याच्या पेट्या मोजताना जातो. चाळीस बैठकांनंतर तिन्ही गटांत फरक नव्हता. आता कोणी म्हणेल की मग नुसता दाबच काम करत असेल. करत असेलही, पण मग तुम्हाला विकला जातो तो ऑक्सिजन कशासाठी?

२०१५ ची चाचणी तुमच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळची. ७२ सैनिक, तीन गट. एकाला दीड पट दाबाचा ऑक्सिजन, दुसऱ्याला १.२ पट दाबाची हवा, तिसऱ्याला नेहमीचे उपचार, चेंबर नाहीच. पहिले दोन्ही गट तिसऱ्यापेक्षा चांगले सुधारले, आणि त्या दोघांत आपापसात फरक नव्हता. म्हणजे चेंबरला जाण्याने काहीतरी झाले. ऑक्सिजनने झाले असे म्हणता येत नाही.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी पढवलेला साक्षीदार ठरेन. २०१८ मध्ये लिंडेल वीव्हर यांच्या गटाने ७१ सैनिकांवर केलेल्या चाचणीत तेरा आठवड्यांनी ऑक्सिजनच्या गटाची लक्षणे, झोप, तोल आणि विचारांचा वेग थोडे सरस निघाले, विशेषतः ज्यांना युद्धाच्या आघाताचा मानसिक त्रासही होता त्यांच्यात. पण सहा महिन्यांपुढे तो फायदा टिकला नाही. वीव्हर हे ऑक्सिजनचे विरोधक मुळीच नाहीत. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेत पहिल्या २४ तासांत तीन बैठका दिल्या तर सहा आठवड्यांनी स्मृतीचे दोष ४६ टक्क्यांऐवजी २५ टक्के लोकांतच राहतात, हे २००२ मध्ये त्यांनीच दाखवले. (बाथरूममध्ये गॅस गिझर लावून खिडकी बंद करणाऱ्या घरांनी हे वाक्य दोनदा वाचावे. दर हिवाळ्यात असा एखादा रुग्ण येतोच.) तिथे विष ताजे असते आणि ऑक्सिजन ते रक्तातून हुसकून लावतो. चौदा महिन्यांच्या जुन्या जखमेत हुसकून लावण्यासारखे काही उरलेले नसते.

मार ताजा असतानाची गोष्टही वेगळी आहे. अमेरिकेत मिनियापोलिसमध्ये रॉक्सवोल्ड यांनी गंभीर माराचे १६८ रुग्ण घेतले आणि त्यांतल्या साधारण निम्म्यांना आयसीयूत असतानाच दर आठ तासांनी चेंबरमध्ये घातले. मृत्यूचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून १७ वर आले, पण चांगले बरे होऊन घरी जाणाऱ्यांची संख्या वाढली नाही. कोणी तुम्हाला 'मेंदूच्या मारात सिद्ध' म्हणून हे आकडे दाखवले तर ते आयसीयूतले आहेत, घरी बसलेल्या रुग्णाचे नाहीत, हे लक्षात ठेवा.

लष्कराच्या त्या चाचण्या सौम्य माराच्या, तुमच्या भावाचा मार त्याहून मोठा, हे खरे. पण मोठ्या माराच्या जुन्या रुग्णांत पुरावा आणखी तोकडा आहे. बहुतेक 'इतके रुग्ण आले, इतके सुधारले' अशा मालिका. अमेरिकेच्या लष्कराच्या आणि माजी सैनिकांच्या खात्याच्या मार्गदर्शक सूचनांत सौम्य मारानंतरच्या तक्रारींसाठी हा उपचार देऊ नये असेच लिहिले आहे.

मग सुधारलेले रुग्ण दिसतात त्यांचे काय? माझ्याकडचा एक किस्सा सांगतो. बँकेत कॅशियर असलेले गृहस्थ, पंचेचाळिशीचे, माराला वर्ष झालेले. चाळीस बैठका करून आले. बायको म्हणाली, 'डॉक्टर, माणूस परत मिळाला.' मी नेहमीप्रमाणे पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, मिनिटभरात आठवतील तेवढ्या भाज्या विचारल्या. पाचांपैकी दोन शब्द, आधीही दोनच होते. वजाबाकी ७९ वर अडकली. भाज्या नऊच्या अकरा झाल्या. पण समोर बसलेला माणूस दाढी केलेला, इस्त्रीचा शर्ट, माझ्याकडे बघून बोलणारा होता. मी बायकोला विचारले, या दोन महिन्यांत घरात काय काय बदलले? तिने हिशेब सांगितला. सेंटरची वेळ सकाळी आठची. म्हणून सहाला उठणे, म्हणून रात्री अकराला मोबाइल बंद, दुपारची झोप गेली. रोज दोन बस, रोज ठरलेल्या माणसांशी बोलणे. आणि सेंटरमधल्या डॉक्टरांनी झोपेची गोळी थांबवली होती, कारण चेंबरमध्ये ते पेंगायचे. 'आणि मीही त्यांच्यावर ओरडणे बंद केले,' ती म्हणाली, 'इतके पैसे भरल्यावर कोण ओरडेल?'

त्या बाई खोटे बोलत नव्हत्या. माणूस सुधारलाच होता. दोन वर्षांपर्यंत मेंदू आपणहून थोडाथोडा सुधारतही असतो, आणि त्या काळात जो उपचार चालू असेल त्याला श्रेय मिळते.

आता तुमच्या भावाकडे येतो. तुम्ही गोळ्यांची नावे लिहिली हे फार बरे केले. फेनिटॉइन रात्री ३०० मिलिग्रॅम, अल्प्राझोलाम ही झोपेची गोळी रात्री एक, सिटिकोलिन आणि पायरासिटॅम 'मेंदूच्या ताकदीसाठी'. माझा संशय चेंबरच्या आधी या पट्टीवर जातो.

फेनिटॉइन फिट येऊ नये म्हणून सुरू केले, ते बरोबरच. पण मार लागल्यावर फिट टाळण्यासाठी ते पहिले सात दिवस द्यावे, असे जगभर मानतात. नंतर उशिरा फिट आली असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या भावाला पहिल्या दिवसानंतर एकही फिट नाही असे तुम्ही लिहिता, आणि गोळी चौदा महिने चालू आहे. कोणी 'चालू ठेवा' असेही म्हटले नसेल, 'बंद करा' म्हणायचे राहून गेले असेल. आपल्याकडे हे रोज घडते. फेनिटॉइनने विचार मंदावतात, रक्तातली पातळी वर गेली तर माणूस झोकांड्या खातो. पण स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका, अचानक थांबवल्यावर फिट येऊ शकते. न्यूरॉलॉजिस्टकडे जा, रक्तातली पातळी करा, ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) करायचा का विचारा, आणि 'ही कधीपर्यंत?' असा थेट प्रश्न करा. अल्प्राझोलामचेही तसेच. ती आठवण पुसणाऱ्या गोळ्यांच्या कुळातली आहे, आणि तीही हळूहळूच कमी करावी लागते. सिटिकोलिनची तर अमेरिकेत १,२१३ रुग्णांवर चाचणी झाली, २०१२ मध्ये निकाल आला, उपयोग शून्य. ती बंद करायला कोणाची हरकत नसावी, महिन्याचे पैसे वाचतील.

दुपारी तीन तास झोप येते, यामागे गोळ्या असतीलच, पण तो घोरतो का, झोपेत श्वास अडकतो का हे त्याच्या बायकोला विचारा. डोक्याच्या मारानंतर काहींची पिट्युटरी ग्रंथी (मेंदूच्या तळाची, बाकीच्या हार्मोन्सवर ताबा ठेवणारी) मंदावते आणि वर्षभर कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून थायरॉइड, सकाळी आठचे कॉर्टिसॉल, टेस्टोस्टेरॉन, सोडियम आणि बी-१२ या तपासण्या एकदा कराव्यात. मिरजेला दोन-तीन हजारांत होतील. चिडचीड पुढच्या भागाच्या जखमेने होते हे खरे, पण उदासीही पुरुषांत चिडचीड होऊनच बाहेर येते. सहा महिन्यांपूर्वीपेक्षा तो आता वाईट आहे असे वाटत असेल, चालणे बिघडले असेल किंवा लघवीवर ताबा राहत नसेल, तर हे सगळे बाजूला ठेवून पुन्हा सीटी स्कॅन करा.

यानंतर प्रशिक्षण. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून एकदा पूर्ण न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणी, म्हणजे स्मरणशक्ती, लक्ष आणि विचारांची सविस्तर तपासणी, करून घ्या. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये हे काम वर्षानुवर्षे चालते, मुंबईत हाजी अलीच्या सरकारी पुनर्वसन संस्थेतही विचारा. एकदा जाऊन आराखडा आणायचा, बाकीचे घरी. मोबाइलवरचे 'ब्रेन गेम' खेळून माणूस त्या गेममध्ये हुशार होतो, त्याने यार्डातला हिशेब सुधारत नाही. म्हणून त्याच्या अडत्याकडून जुने बिलबुक मागून आणा. रोज सकाळी एकाच वेळी, एकाच टेबलावर, पंचवीस मिनिटे, दहा नोंदी. सुरू करण्याआधी त्याने मोठ्याने म्हणायचे: काय करायचे आहे, किती पायऱ्या आहेत. मग बेरीज, मग स्वतःच पुन्हा तपासणे. चूक झाल्यावर 'बघ, पुन्हा चुकलास' म्हणायचे नाही. चूक होण्याआधीच बरोबर आकडा पुढे ठेवायचा, कारण आठवण कच्ची असते तेव्हा चूकच पाठ होते. दहा नोंदी जमल्या की पंधरा.

आणि एक वही. चार नाही, एकच, खिशात मावेल अशी, पेन दोरीने बांधलेले. डाव्या पानावर आज काय करायचे, उजव्या पानावर काय झाले. सकाळी नाश्त्याला आणि संध्याकाळी दिवा लावताना ती उघडायची, फोनवर दोन अलार्म. सुरुवातीला तो चिडेल, 'मी काय शाळेत आहे का' म्हणेल. दोन-तीन आठवडे रेटा. स्मरणशक्तीच्या दोषात भक्कम पुरावा असलेली जी थोडी साधने आहेत त्यांत हे सगळ्यात स्वस्त आहे. लक्ष आणि वेगासाठी मिथाइलफेनिडेट नावाचे औषधही काहींना उपयोगी पडते. ते मानसोपचारतज्ज्ञ किंवा न्यूरॉलॉजिस्टने, फिटचा इतिहास बघूनच द्यायचे.

इतके करून तीन महिन्यांनी चाचणीत आणि घरात काहीच हलले नाही, आणि तरी चेंबरची इच्छा राहिली, तर मी अडवणार नाही. फक्त पैसे भरण्याआधी दाब किती आणि मुखवट्यात कोणता वायू, हे विचारा. कापडी, चेन लावायच्या पिशवीसारखे चेंबर असेल आणि १.३ पट दाबाला नुसती हवा असेल, तर २१ गुणिले १.३ म्हणजे २७ टक्के ऑक्सिजन. वॉर्डात नाकात दोन लिटरची नळी लावतो तेवढाच, त्याचे चार हजार देऊ नका. आत असताना डॉक्टर हजर असतो का, फिट आली तर काय करणार, हेही विचारा. जास्त दाबाचा ऑक्सिजन स्वतःच फिट आणू शकतो, आणि तुमच्या भावाच्या मेंदूवर आधीच व्रण आहे. अपघातात बरगड्या मोडल्या होत्या का? छातीचा एक्स-रे काढल्याशिवाय आत जाऊ देऊ नका, फुप्फुसाबाहेर हवा साठलेली असेल तर दाब काढताना जीव जाऊ शकतो. कानाला आंबा घाट उतरताना दडे बसतात तसे होईलच, त्याला आवंढा गिळायला शिकवतात. काहींची नजर काही आठवडे अधू होते. मोबाइल, तेल, नायलॉनचे कपडे आत चालत नाहीत. ही नुसती शिस्त नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मिशिगनला चेंबरमध्ये आग लागून पाच वर्षांचा मुलगा दगावला. आणि स्मरणशक्तीची चाचणी बैठकांच्या आधी आणि नंतर, सेंटरबाहेरच्या माणसाकडून, वेगवेगळ्या शब्दयाद्या वापरून करून घ्या. तीच यादी दुसऱ्यांदा विचारली तर कोणीही सुधारलेला दिसतो.

शेवटी तुम्ही विचारले आहे की तो गाडी मागतोय, द्यावी का. आत्ता नाही. झोपेची गोळी चालू आहे, लक्ष टिकत नाही, फेनिटॉइनचा निर्णय व्हायचाय. गोळ्या मार्गी लागल्या आणि फिटशिवायचा काळ न्यूरॉलॉजिस्टला पुरेसा वाटला की आधी मोकळ्या मैदानात, तुम्ही मागे बसून बघा. तोवर यार्डात रिक्षाने सोडा. किल्ली तुमच्या पर्समध्ये ठेवा, भिंतीवरच्या खिळ्याला नको.